टकल्या भुताची साक्ष

१

सोमवारी दुपारी सासूबाईंना, कुमुदिनीबाईंना, हॉस्पिटलमधून घरी आणलं. त्यांना खोलीत झोपवून नंदिनी बाल्कनीत आली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की भुतांच्या टेबलावरची एक लाल छत्री नाहीशी झाली आहे.

हे टेबल तिच्या लेकीचं, ओवीचं. यंदा हॅलोविन नेमका दिवाळीत आला होता. त्यामुळे जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आतल्या बाजूला आकाशकंदील आणि बाहेर बाल्कनीत भुतावळ अशी सरळ वाटणी झाली होती. चौथीतल्या ओवीने आईला रानात ओढून नेऊन काय काय गोळा केलं होतं! कुजक्या बुंध्यातून वर आलेली काळी बुरशी, अगदी मेलेल्या माणसाच्या बोटांसारखी. इथले लोक ज्याला चेटकिणीचं लोणी म्हणतात तो काळा, लिबलिबीत गोळा. कागदी कंदिलांसारखी नारिंगी फळं. मधोमध लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेल्या तीन विषारी छत्र्या, म्हणजे रानटी मशरूम, ज्यांना इथे फ्लीगेनपिल्झ म्हणतात. आणि शेजारच्या बशीत ओवीची दोन लाडकी भुतं. फिकट रंगाच्या दोन छत्र्यांना पेनने डोळे काढले होते. एक भूत केसाळ, दुसरं टकलं.

लाल छत्र्या मात्र आता दोनच होत्या, आणि नंदिनीने त्या पुन्हा पुन्हा मोजल्या. कारण रविवारी रात्री तिने मशरूमची भाजी केली होती, आणि ती खाऊन सासूबाई हॉस्पिटलात गेल्या होत्या.

भाजीतल्या छत्र्या वेगळ्या होत्या. ऑफिसातल्या मैत्रिणीने तिला गेल्या वर्षी ओळखायला शिकवलेल्या पांढऱ्या, खवलेदार शॉप्फटिंटलिंग. कोवळ्या असताना रुचकर, आणि दिवसभर ठेवल्या तर विरघळून त्यांची काळी शाई होते. रविवारी कुरणावर त्यांचा नुसता सडा पडला होता. परडी पाहून कुमुदिनीबाई म्हणाल्या होत्या, "कुत्र्याच्या छत्र्या शिजवणार? आता हेच बघायचं राहिलं होतं."

"आई, इथल्या तज्ज्ञांना दाखवून आणल्यात," नंदिनी म्हणाली होती.

दाखवल्या नव्हत्या. रविवारी पिल्झबेराटुंग, म्हणजे रानातून आणलेली मशरूम तपासून देणाऱ्यांचं केंद्र, बंद असतं. पण पुण्याहून आल्यापासून सहा आठवडे सासूबाईंनी कुकरच्या शिट्ट्यांपासून केराच्या डब्यांपर्यंत सगळ्यात खोड काढली होती, आणि नंदिनीच्या तोंडून ते वाक्य सुटून गेलं. एकदा सुटलेलं वाक्य परत कोण घेतो?

जेवण झकास झालं. ओवीने नाक मुरडलं आणि पोळी-जॅम खाल्ला, बाकी तिघांनी भाजी चाटूनपुसून संपवली. मग नंदिनीचा नवरा मयुरेश "जरा विंटररायफन बघून येतो" म्हणून तळघरात, केलरमध्ये, गेला. गाडीला घालायचे हिवाळ्याचे टायर तिथे असतात. कुमुदिनीबाईंनी मालिका पाहिली, गुडघ्यांना तेल चोळलं, झाकणभर दशमूलारिष्ट घेतलं, जप केला आणि अंथरुणाला पाठ टेकली. तासाभरात त्यांची हाक आली.

चेहरा, मान, कान, सगळं लालबुंद झालं होतं. छाती धडधडत होती. ओकाऱ्या थांबत नव्हत्या. "तोंडात कल्हई उडालेल्या पातेल्यातल्या आमटीसारखी चव येतेय गं," एवढंच त्या म्हणाल्या.

त्या गडबडीत, अ‍ॅम्ब्युलन्सची वाट पाहताना, नंदिनीने आणखी एक गोष्ट केली होती. छत्र्यांची सालं आणि देठं उचलून तिने खाली बिओम्यूलच्या डब्यात, ओल्या कचऱ्यात, टाकली. का टाकली हे तिला आजही सांगता आलं नसतं. डॉक्टरांनी नमुना मागितला तोवर कचरागाडी येऊन गेली होती.

आता टेबलावर दोनच लाल छत्र्या होत्या. तिसरी आपल्याच हाताने परडीत गेली असेल का, हा विचार तिच्या डोक्यातून जाईना.

२

"इमर्जन्सीमधले डॉक्टर काय काय विचारत होते?" तिने मयुरेशला विचारलं.

"नेहमीचंच. काय खाल्लं, बाकी कुणाला त्रास झाला का, कुठली औषधं चालू आहेत. बीपीची गोळी सांगितली." तो हसला. "आणि अल्कोहोल घेतलं का! आईला! मी तर तिला विचारलंसुद्धा नाही. म्हटलं, डॉक्टरसाहेब, माझी आई केकमध्ये रम असेल तर डबा परत करते."

"आणि तू ठीक आहेस ना? काल तुझेही कान लाल झाले होते."

"अगं, टायर हलवत होतो." त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "त्या कॉरिडॉरमधल्या मशीनची कॉफी मात्र भयंकर होती. लोखंड चाटल्यासारखी. टाकून दिली मी."

संध्याकाळी नंदिनीने मऊ भात टाकला. सासूबाई तो न कुरकुरता जेवल्या, याचंच तिला रडू आलं. गुन्हेगाराला शिव्या परवडतात, मुकाट जेवणारा माणूस परवडत नाही. भांडी आवरून तिने आईंचं रोजचं अरिष्ट स्वतः ओतलं. अशक्तपणा आलाय म्हणून एका झाकणाऐवजी तीन झाकणं, कोमट पाण्यातून. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच तिने ते आपण होऊन दिलं होतं.

अर्ध्या तासात खोलीतून ग्लास पडल्याचा आवाज आला.

पुन्हा तोच लाल चेहरा, तीच धडधड, त्याच ओकाऱ्या, आणि कालच्यापेक्षा जास्त. अ‍ॅम्ब्युलन्स आली, ईसीजी निघाला, हळूहळू उतार पडला. पण कुमुदिनीबाईंनी स्ट्रेचरवर चढायला ठाम नकार दिला. त्या लेकाचा हात धरून म्हणाल्या, आणि दारात उभ्या असलेल्या नंदिनीने शब्द न् शब्द ऐकला:

"काल छत्र्या होत्या म्हणून गप्प बसले. आज तर नुसता भात होता ना रे? मला गुरुवारचं तिकीट काढून दे. दिवाळी पुण्यात करीन. आणि तोवर हिच्या हातचं पाणीसुद्धा मला नको."

"आई, काहीतरी काय बोलतेस!"

"मग त्या औषधवाल्या विभावरीताईंना बोलव. त्यांना ठरवू दे. घरच्यांवर माझा विश्वास उरला नाही."

३

विभावरीताई व्होल्फ चाळीस वर्षांपूर्वी एका जर्मन माणसाशी लग्न करून इथे आल्या, आणि निवृत्त होईपर्यंत गावातल्या आपोथेकेत औषधं देत होत्या. आता नवरा नव्हता, नोकरी नव्हती, पण मराठी मंडळात कुणाचं काही बिनसलं की फोन त्यांनाच जायचा. रात्रीच नंदिनीने त्यांना फोनवर कोणी काय खाल्लं, कोण कुठे गेलं, कोण काय म्हणालं ते सगळं सांगितलं होतं. मंगळवारी सकाळी त्या आल्या, बूट काढले आणि पहिला प्रश्न विचारला तो भलताच.

"खाली निळी गाडी तुमचीच ना? विंटररायफन घातलेत की."

"हो, पंधरा दिवस झाले," नंदिनी म्हणाली. तिच्या मनात तेव्हा टायर नव्हते. या बाईला आपण छत्र्या कुणाला दाखवल्या हे विचारायला किती वेळ लागेल, एवढंच तिच्या मनात होतं.

विभावरीताईंनी ते विचारलंच नाही. त्या बाल्कनीत गेल्या, काळी बोटं पाहून "वा, काय सुरेख!" म्हणाल्या, आणि ओवीला जवळ बोलावलं.

"हे दोघे कोण गं?"

"ओपा मित हारेन," ओवीने केसाळ भुताकडे बोट दाखवलं. मग टकल्याकडे. "उंड ओपा ओने हारे."

"केसवाले आजोबा आणि बिनकेसांचे आजोबा. आणि हे सापडले कुठे?"

"मामाच्या परडीत," ओवी म्हणाली, कारण तिच्या तोंडी आई म्हणजे मामाच. "आउस डेम कोर्ब. तिथे अजून होते."

केसाळ भूत एव्हाना अर्धंअधिक वितळून बशीत काळं ओघळलं होतं. टकलं भूत थंडीने तग धरून होतं. विभावरीताईंनी चष्मा कपाळावर चढवून ते बराच वेळ न्याहाळलं आणि बशीच उचलून आत आणली.

"ताई, एक लाल छत्री गेलीय," नंदिनीला राहवेना. "ती जर भाजीत..."

"ते आपण कुमुदिनीताईंना विचारू या."

"आईंना?"

विभावरीताईंनी खोलीचं दार ढकललं आणि नंदिनीला खुणेनेच मागोमाग बोलावलं.

४

कुमुदिनीबाई उशीला टेकून बसल्या होत्या. सून दिसताच त्यांनी शाल ओढून घेतली.

"कुमुदिनीताई, ती लाल छत्री कधी टाकलीत?"

क्षणभर वाटलं, त्या चिडणार. पण त्यांचा चेहरा चोरी पकडलेल्या पोरीसारखा झाला. "रविवारी, जेवायच्या आधी," त्या पुटपुटल्या. "पोर सारखी तिला हात लावत होती. विषारी वस्तू, तीही सणासुदीच्या घरात! एक टाकली कागदात गुंडाळून, बाकीच्याही टाकणार होते, तेवढ्यात ती आली. नातीचं खेळणं टाकलं म्हणून सांगायची लाज वाटली."

नंदिनी तिथेच खुर्चीवर बसली. काल रात्रभर जिने तिला झोपू दिलं नाही ती छत्री आजीने नातीसाठी टाकली होती.

"तशीही ती नव्हतीच," विभावरीताई म्हणाल्या. "लाल छत्रीने माणूस बरळतो, झिंगतो, झोपतो. असा लालबुंद होत नाही. आणि दुसऱ्या दिवशी भात खाऊन तर मुळीच नाही. बरं, रात्रीचं रोजचं तुमचं काय काय असतं? अगदी सगळं सांगा."

"मालिका. तेल. झाकणभर अरिष्ट. जप."

"अरिष्ट हॉस्पिटलात सांगितलंत?"

"ते काय औषध आहे? घरचंच की. वीस वर्षं घेतेय."

विभावरीताईंनी उशाजवळची तपकिरी बाटली उघडली, वास घेतला आणि बूच लावून ती बशीशेजारी ठेवली. मग दाराकडे पाहून म्हणाल्या, "मयुरेश, आत ये. तिथे उभा राहून ऐकू नकोस."

मयुरेश आला. तो आजही ऑफिसला गेला नव्हता.

"तुझी बिअर कुठे ठेवतोस?"



५

"काहीतरीच काय," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "तो पीत नाही."

मयुरेशचे कान मात्र पुन्हा लाल झाले, आणि या वेळी कुठलाही टायर जवळपास नव्हता.

"पंधरा दिवसांपूर्वी टायर बदललेत," विभावरीताई शांतपणे म्हणाल्या, "तर रविवारी रात्री केलरमध्ये तू बघायला काय गेलास? आणि वर आल्यावर कान लाल, कॉफीला लोखंडाची चव. आईच्या तोंडात कल्हई उडालेल्या भांड्याची चव. एकाच रात्री, एकाच घरात. डॉक्टरांनी विचारलं असेल, बाकी कुणाला त्रास झाला का?"

"मी नाही म्हटलं," मयुरेश म्हणाला. "छातीही धडधडत होती. मला वाटलं, आईच्या काळजीने. आणि बिअरचं तिच्यासमोर... कसं सांगणार होतो?"

"गेनाऊ, अगदी तेच. सगळे म्हणाले, तिघांनी खाल्लं आणि एकटीच आजारी पडली. इथेच सगळं चुकलं. आजारी दोघं पडली होती. नंदिनीला काही झालं नाही, कारण तिघांत तीच एक दारू प्यायली नव्हती."

"दारू?" कुमुदिनीबाई ताठ बसल्या. "विभावरीताई, तोंड सांभाळा. माझ्या सात पिढ्यांत..."

"ताई, अरिष्ट कसं करतात? काढा करायचा, गूळ घालायचा, धायटीची फुलं घालायची आणि महिनाभर मुरत ठेवायचं. मुरताना त्यात दारू आपोआप तयार होते. थोडीच, पण बिअरपेक्षा कमी नाही. झाकणभर घेतलंत तर एरवी काही होत नाही. म्हणून वीस वर्षं काही झालं नाही."

कुमुदिनीबाईंनी बाटलीकडे असं पाहिलं, जणू घरातला जुना नोकर चोर निघाला.

"पण या वेळी त्याला जोडीदार मिळाला." विभावरीताईंनी बशी पुढे सरकवली. "हा टकलू. शॉप्फटिंटलिंगच्या टोपीवर खवले असतात, केसांसारखे. ओवीने ते बरोबर पाहिलं. ह्याला केस नाहीत. राखाडी, गुळगुळीत, कडेला उभ्या चुण्या. हा फाल्टनटिंटलिंग, त्याचा चुलतभाऊ. त्याच कुरणात उगवतो, शिजवला की दोघे सारखे दिसतात. नुसता पोटात गेला तर बऱ्याचदा कळतही नाही. पण त्यावर दारूचा थेंब पडला, की माणूस तुमच्यासारखा लाल होतो. आणि हा गुण तीन-तीन दिवस अंगात राहतो. म्हणून सोमवारी भात निर्दोष होता. त्यानंतर जे घेतलंत ते नव्हतं."

नंदिनीला ते कळायला एक क्षण लागला, आणि कळलं तेव्हा तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"तीन झाकणं," ती म्हणाली. "मी ओतली. मी स्वतः. त्यांना बरं वाटावं म्हणून."

मयुरेशने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग, आपल्याला तो हक्क राहिला नाही असं वाटून, काढून घेतला. रविवारी रात्री तो दोन वाक्यं खरी बोलला असता तर सोमवार उजाडला तसा सुखरूप मावळलाही असता, हे त्याला समजलं होतं.

"आता हॉस्पिटलला फोन करून हे सगळं कळवायचं," विभावरीताई उठल्या. "आणि आठवडाभर अरिष्ट बंद. आसवंही बंद. खोकल्याचं औषधसुद्धा मला विचारून."

६

निघताना त्या स्वयंपाकघरात आल्या. नंदिनी भात टाकत होती. कुणी खाणार का, हे न विचारताच.

"एक गोष्ट मी आत बोलले नाही," विभावरीताई हलक्या आवाजात म्हणाल्या. "हा टकलू परडीत दिसला, की कुठलाही तज्ज्ञ एक तर तो काढून फेकतो, नाहीतर आधी दारूचं बजावतो. तुमच्या घरात तो शिजला, आणि दारूचं कुणी बोललंही नाही." त्यांनी बूट चढवले. "ते सांगायचं की नाही, तुझं तू बघ. माझं काम झालं."

दार लागलं. नंदिनी गॅसपाशी उभी राहिली. आता ती सुटली होती. लाल छत्री नव्हती, विष घातलं नव्हतं, नवऱ्याने लपवलं होतं, औषधाने घात केला होता. तिच्या नावावर एक चुकलेली ओळख आणि जास्तीची दोन झाकणं एवढंच उरत होतं. तज्ज्ञांना दाखवल्याचं ते वाक्य कुणी पुन्हा उकरून काढणार नव्हतं. तिने भात ताटात वाढून घेतला आणि खोलीत गेली.

"आई, त्या छत्र्या मी कुणालाही दाखवल्या नव्हत्या. खोटं बोलले. तुम्ही पुन्हा काही बोलाल म्हणून. आणि सालं मीच फेकली, भीतीने."

कुमुदिनीबाईंनी शाल सारखी केली. "शनिवारी रात्री तू मयुरेशला म्हणालीस, अजून सहा आठवडे मला झेपणार नाही. तुमच्या भिंती पातळ आहेत. म्हणून मला घालवायचं होतं तुला?"

नंदिनीने डोळे पुसले नाहीत. "घालवायचं होतं, आई. मारायचं नव्हतं."

खाली जिन्यावर बाटल्यांचा खणखणाट झाला. मयुरेश केलरमधला बिअरचा क्रेट वर आणत होता, सगळ्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा.

"शुभदाला मी फोन केला काल," कुमुदिनीबाई म्हणाल्या. शुभदा म्हणजे त्यांची धाकटी बहीण. "सून विष घालते म्हणून सांगितलं. आता ते पुण्यात घरोघरी झालं असेल. ते कसं परत घ्यायचं, मलाही माहीत नाही." मग त्यांनी ताटाकडे बोट केलं. "आण इकडे. पण पहिला घास तू घे."

ही थट्टा होती की नव्हती, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. नंदिनीने विचारलंही नाही. असा हुकूम ऐकण्याची पाळी तिने स्वतःच आणली होती. तिने घास घेतला, चावला, गिळला. सासूबाई टक लावून पाहत होत्या. मग त्यांनी ताट ओढून घेतलं आणि एक घास खाल्ला.

"यात मीठ नाही."

"हो. मला कळलं."

"कळलं होतं, तर बोलायचं ना गं," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

नंदिनी मीठ आणायला उठली.